कंपनीकराचे ओझे नेमके कोणाच्या खांद्यावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की कंपनीकरावर दोन ठाम मते कानावर पडतात. कंपन्यांवर कर वाढवा, म्हणजे श्रीमंतांकडून पैसा येईल, हे एक. कितीही कर लावा, कंपनी तो किमतीत घालून ग्राहकाच्याच खिशातून काढणार, हे दुसरे. दोन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. पण कोणते कुठे लागू पडते हे धंद्यागणिक बदलते. ते कसे बदलते हे आकड्यांनिशी मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, पण विषय दोन परिच्छेदांत मावणारा नाही. प्राप्तिकराच्या कलमांचे क्रमांक १९६१च्या कायद्यातले दिले आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात ते बदलले आहेत.

आपल्याकडे या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा २०१९ साली झाली. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत कंपनीकरातील कपात जाहीर केली. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी त्या गोव्यात होत्या. इतर सवलती सोडून देणाऱ्या कंपनीला मूळ दर २२ टक्के झाला, म्हणजे १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून २५.१६८ टक्के. मोठ्या कंपन्यांचा त्याआधीचा दर अधिभार-उपकरासह ३४.९४४ टक्के होता. १ ऑक्टोबर २०१९ पासून पुढे स्थापन झालेल्या आणि ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या नव्या उत्पादक कंपन्यांना मूळ दर १५, सगळे धरून १७.१६ टक्के. किमान पर्यायी कर, म्हणजे सवलती घेऊनही लेखी नफ्यावर भरावाच लागणारा कर, साडेअठरावरून १५ टक्क्यांवर आला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल यात सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. पुढे संसदेच्या अंदाज समितीपुढे आलेल्या हिशेबानुसार पहिल्या दोन वर्षांत मिळून १ लाख ८४ हजार कोटी गेले.

त्या एका दिवसात सेन्सेक्स १,९२१ अंकांनी चढला. ओझे कोणावर होते याचा हा पहिला पुरावा. पगार आणि किमती बदलायला महिने लागतात, शेअरचा भाव मात्र मिनिटांत बदलतो. ज्याच्या हातात त्या सकाळी शेअर होता त्याला पुढच्या सगळ्या वर्षांच्या करबचतीची किंमत त्याच दुपारी मिळाली. ज्याने तो शेअर दुसऱ्या दिवशी घेतला त्याने ती किंमत मोजली आणि त्याला विशेष काही मिळाले नाही. उद्या दर वाढला तर हेच उलटे होईल. फटका बसेल तो घोषणेच्या दिवशी शेअर धरून असलेल्याला.

आता ‘ग्राहकच भरतो’ हे मत पाहू. जीएसटी बिलावर छापून येतो, विक्रीच्या दर रुपयावर लागतो, म्हणून तो किमतीत सरळ चढतो. कंपनीकर लागतो नफ्यावर, तोही सगळे खर्च वजा गेल्यावर. एखाद्या कंपनीला साबणाची वडी ४० रुपयांना विकून सर्वांत जास्त नफा होत असेल, तर त्या नफ्यातले ६५ टक्के आपल्याकडे राहोत की ७५ टक्के, सर्वांत जास्त नफ्याची किंमत ४० हीच राहते. ४२ रुपये लावून नफा वाढणार असता तर कर वाढायची वाट न पाहता कंपनीने ते आधीच लावले असते. म्हणून निदान दोन-चार वर्षांच्या काळात कंपनीकर किमतीत चढत नाही आणि कर कमी झाला म्हणून किमती उतरतही नाहीत. जीएसटीचा दर कमी झाला तर लाभ ग्राहकाला द्यावा, असे त्या कायद्याच्या १७१व्या कलमात लिहिले आहे. कंपनीकराला असे कलम नाही.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या घराघरांत येतो. वीजनिर्मिती आणि पारेषण कंपन्यांचे दर नियामक आयोग ठरवतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०१९च्या दरनियमांत औष्णिक प्रकल्पाच्या भागभांडवलावर साडेपंधरा टक्के परतावा मान्य केला होता, आणि तो करोत्तर असल्याने त्याला कराच्या दराने फुगवून घ्यायची सोय होती. हिशेब सोपा आहे. साडेपंधराला एक वजा कराचा दर, याने भागायचे. दर ३४.९४४ टक्के असेल तर परतावा होतो २३.८३ टक्के, २५.१६८ असेल तर २०.७१ टक्के. एक हजार कोटींच्या प्रकल्पात ३० टक्के, म्हणजे ३०० कोटी भागभांडवल धरले, तर या दोन दरांतला फरक वर्षाला सुमारे ९ कोटी ३४ लाख होतो आणि तो विजेच्या स्थिर आकारातून पूर्णपणे ग्राहकाकडे जातो. इथे ‘ग्राहकच भरतो’ हे शंभर टक्के खरे आहे, कारण नियमानेच तसे ठरवले आहे. त्यामुळे कर कमी झाला की दरनिश्चितीच्या सुनावणीत तो प्रत्यक्ष प्रभावी दराने समायोजित झाला का, हे ग्राहक संघटनांनी अर्जातल्या परताव्याच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारले पाहिजे. सुनावणीत सगळे इंधन अधिभारावर बोलतात आणि ही ओळ तशीच पुढे जाते.

कामगारांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि आपल्यासारख्या देशात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. अर्नोल्ड हार्बर्गर यांनी १९६२ साली या कराच्या भाराचे पहिले नीट गणित मांडले. देशाच्या सीमा भांडवलाला बंद धरल्या तर त्या गणितात भार बहुतेक सगळा भांडवलावर पडतो, आणि तोही फक्त कंपन्यांच्या भागधारकांवर नव्हे तर देशातल्या सगळ्याच भांडवलावर. सीमा उघडल्या की चित्र पालटते. जो पळू शकतो तो कर चुकवतो आणि जो जागेला बांधलेला आहे त्याच्यावर भार साचतो. पैसा व्हिएतनामला जाऊ शकतो. चाकणची जमीन आणि राजगुरुनगरहून रोज कंपनीच्या बसने येणारा कामगार जाऊ शकत नाही.

हे आकड्यांत असे दिसते. परदेशी गुंतवणूकदाराला कर भरून १२ टक्के परतावा हवा आहे असे धरा, कारण तेवढा त्याला दुसरीकडे मिळतो. ३४.९४४ टक्के कर असेल तर प्रकल्पाने करापूर्वी १८.४५ टक्के कमावले पाहिजेत, २५.१६८ असेल तर १६.०४, १७.१६ असेल तर १४.४९. प्रकल्प १७ टक्के कमावणारा असेल तर पहिल्या दराला तो उभाच राहत नाही, दुसऱ्याला राहतो. शंभर कोटींच्या गुंतवणुकीवर पहिल्या दोन दरांतला फरक २ कोटी ४१ लाखांचा आहे. कर जास्त ठेवूनही प्रकल्प यावा असे वाटत असेल, तर ही रक्कम कोणीतरी सोडली पाहिजे. कामगाराने पगारात, पुरवठादाराने रेटमध्ये, जमीनवाल्याने भावात किंवा राज्य सरकारने अनुदानात. कर कंपनीच्या नावाने भरला जातो, पण रक्कम अशी वाटली जाते.

जर्मनीत नगरपालिका आपापला व्यवसायकर ठरवतात. तिथल्या वीस वर्षांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात करवाढीचा सुमारे निम्मा भार पगारांवर पडलेला दिसला, आणि त्यातही कमी कौशल्याचे, तरुण व स्त्री कामगार जास्त सापडले. हा निष्कर्ष इथे जसाच्या तसा उचलता येत नाही. तिथे कामगार संघटना नफ्यातला वाटा वाटाघाटीने घेते. नफा घटला की वाटा घटतो. आपल्याकडे असा वाटा फक्त कायम कामगाराला मिळतो, तीन-साडेतीन वर्षांच्या वेतनकरारातून. संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी ४० टक्क्यांहून अधिक आज कंत्राटी आहेत, असे वार्षिक उद्योग पाहणी सांगते. त्यांचा पगार किमान वेतनाच्या आसपासच असतो. तो आणखी खाली नेता येत नाही, म्हणून करवाढीचा भार त्यांच्यावर पगारकपात होऊन येत नाही; तो ओव्हरटाइम बंद होऊन, दोन नेमणुकांमधला ब्रेक लांबून, नवी भरती थांबून येतो. आणि कर कमी झाला तर पगार वर जावा असा दबाव टाकायला करारही नाही आणि संघटनाही नाही. फाटकाबाहेर तेवढ्याच पगारावर यायला दुसरे चौघे उभे आहेत. म्हणजे कर वाढला तर भार खाली झिरपतो, कमी झाला तर लाभ झिरपत नाही. माझ्या मते उदयोन्मुख अर्थव्यवस्थांतल्या कंपनीकराचे हे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे, आणि श्रीमंत देशांतले अभ्यास वाचून बनवलेल्या धोरणांतून नेमके तेच निसटते.

पुरवठादारांचे तसेच. चाकणच्या मोठ्या कंपनीला भोसरीतल्या शेडमधून टर्निंग होऊन जाणारा एखादा बुश घ्या. रेट समजा ४२ रुपये नग. त्यात २६ रुपयांचा कच्चा माल, तोही बहुधा मोठी कंपनी सांगेल त्या ठिकाणाहून, तिने ठरवलेल्या भावाने. उरलेल्या १६ रुपयांत वीज, टूलिंग, ऑपरेटर, वाहतूक, रिजेक्शन आणि मशिनचा हप्ता. दरवर्षी ‘कॉस्ट डाऊन’ म्हणून दोन टक्के मागितले की ८४ पैसे जातात. मोठ्या कंपनीच्या कागदावर ते दोन टक्के दिसतात. शेडवाल्याच्या हातातल्या १६ रुपयांचे ते सव्वापाच टक्के असतात. शिवाय हा शेडवाला बहुतेक वेळा भागीदारी संस्था असतो. २०१९च्या कपातीचा लाभ भागीदारी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्व भागीदारीला) मिळालाच नाही. त्यांचा दर ३० टक्के, उपकर धरून ३१.२ टक्के, आणि उत्पन्न एक कोटीवर गेले तर अधिभारासह ३४.९४४ टक्के. माल घेणारा २५.१६८ भरतो आणि माल देणारा ३१.२. कंपनी करून घ्या असा सल्ला दिला जातो, पण त्यात लेखापरीक्षण, वार्षिक विवरणपत्रे, मालमत्ता हस्तांतराचे सोपस्कार आणि बँकेच्या तारणाची कागदपत्रे नव्याने करण्याचा खर्च येतो. दहा-वीस लाख नफ्याच्या शेडला तो परवडत नाही.

मग वाचलेला पैसा गेला कुठे? रिझर्व्ह बँकेच्या २०१९-२० च्या वार्षिक अहवालात उत्तर स्पष्ट दिले आहे. कंपन्यांनी तो कर्जफेडीला, रोख शिल्लक वाढवायला आणि इतर चालू मालमत्तेत वापरला. नवी गुंतवणूक सुरू झाली नाही. कारणही उघड होते. त्या काळात कारखान्यांची वापरात असलेली क्षमता ७० टक्क्यांच्या खाली होती. आहेत ती यंत्रे रिकामी असताना नवे यंत्र कोणी घेत नाही, कर कितीही कमी असो. त्यामागोमाग कोविड आला, त्यामुळे पुढच्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून कोणताच पक्ष ठाम दावा करू शकत नाही, हेही मान्य केले पाहिजे. पण नंतरची वर्षे सामान्य होती. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये निफ्टी ५०० मधल्या कंपन्यांच्या नफ्याचे जीडीपीशी प्रमाण ४.८ टक्के, म्हणजे पंधरा वर्षांतले सर्वाधिक होते. त्या वर्षी नफा २२.३ टक्के वाढला आणि रोजगार फक्त १.५ टक्के. हे सरकारच्या स्वतःच्या मुख्य आर्थिक सल्लागारांच्या कार्यालयाचे आकडे आहेत.

‘भागधारकांना मिळाले’ एवढ्यावरही थांबू नये, कारण भागधारक एक जात नाही. १ एप्रिल २०२० पासून लाभांश वितरण कर रद्द झाला आणि लाभांश घेणाऱ्याच्या हातात करपात्र झाला. हे दोन बदल एकत्र लावून शंभर रुपये नफ्याचा हिशेब करू. सगळा नफा लाभांशात वाटला असे धरू. पूर्वी ३४.९४४ कर गेल्यावर उरलेल्या ६५.०६ मधून, हातात येणाऱ्या रकमेवर मोजलेला २०.५६ टक्के वितरण कर जाऊन ५३.९६ हातात यायचे; एकूण कर ४६.०४. वर्षाला दहा लाखांहून जास्त लाभांश घेणाऱ्या मोठ्या प्रवर्तकाला त्यावर आणखी १० टक्के, १५ टक्के अधिभार आणि उपकर धरून ११.९६ टक्के लागायचे. त्याचा एकूण कर सुमारे ५२.४९. आता तोच प्रवर्तक कंपनीत २५.१७ आणि उरलेल्या ७४.८३ वर ३५.८८ टक्क्यांनी २६.८५ भरतो, एकूण ५२.०२. म्हणजे लाभांश घेणाऱ्या देशी प्रवर्तकाला जवळजवळ काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो नफा कंपनीतच ठेवणाऱ्याला. ज्याला प्राप्तिकर लागत नाही अशा छोट्या भागधारकाचा एकूण कर ४६.०४ वरून २५.१७ झाला, त्याला खरा लाभ झाला. आणि चाकण-रांजणगाव पट्ट्यात ज्या जर्मन आणि जपानी मूळ कंपन्यांच्या उपकंपन्या आहेत, त्यांचे काय? या दोन्ही देशांशी असलेल्या करारांनुसार लाभांशावर १० टक्के कर लागतो. ७४.८३ चे ७.४८. एकूण कर ३२.६५, पूर्वी ४६.०४ होता. शंभरामागे १३ रुपये ३९ पैसे वाचले. ते दोन्ही देश परदेशी उपकंपनीकडून आलेल्या लाभांशातला ९५ टक्के भाग करमुक्त ठेवतात, त्यामुळे ही बचत त्यांच्या सरकारकडे न जाता मूळ कंपनीकडेच राहते.

भागधारक परदेशी असेल तर कंपनीकराचा काही भार परदेशात जातो. आपल्यासारख्या देशाने हा कर राखावा यासाठीचे ते सर्वांत सबळ कारण आहे. उलट बाजूही आहे. ईपीएफओ, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी संघटना, ऑगस्ट २०१५ पासून नव्या ठेवींचा काही भाग ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या निर्देशांक फंडांत घालते, एलआयसीचे तर अनेक मोठ्या कंपन्यांत भांडवल आहे. म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा खातेदारही अप्रत्यक्ष भागधारक आहे. पण त्याच्या वाट्याला आलेला लाभ आणि त्याच्या पगारावर आलेला दबाव यांची बेरीज करता दबावाचाच आकडा जड भरतो.

राज्यांकडे थोडे वळतो. कंपनीकराचा मूळ भाग वाटपयोग्य निधीत, म्हणजे केंद्र आणि राज्यांत वाटल्या जाणाऱ्या रकमेत जातो. अधिभार आणि उपकर केंद्राकडेच राहतात. २०१९-२० मध्ये चौदाव्या वित्त आयोगानुसार राज्यांचा वाटा ४२ टक्के आणि त्यात महाराष्ट्राचा ५.५२१ टक्के होता. घोषित १ लाख ४५ हजार कोटींवर हे गुणिले केले की महाराष्ट्राचे वर्षाला सुमारे ३,३६० कोटी होतात. अधिभाराचा भाग वगळला तर थोडे कमी. निर्णयात राज्यांचे मत घेतलेले नव्हते. आणि मार्च व मे २०२० मध्ये पेट्रोलवरील केंद्रीय उत्पादन शुल्क १३ रुपयांनी आणि डिझेलवरील १६ रुपयांनी वाढले, तेव्हा ती वाढ मुख्यतः उपकर आणि विशेष अतिरिक्त शुल्काच्या रूपात झाली. त्यातून राज्यांना वाटा मिळत नाही. त्या वाढीमागे कोविड आणि कच्च्या तेलाचे कोसळलेले भाव ही कारणे होती. तरी कंपनीकराचे ओझे कोण वाहतो हे विचारताना, एक कर कमी झाला तेव्हा तिजोरी कोणत्या करातून भरली हेही पाहावे लागते. टेम्पोवाल्याच्या टाकीत ४० लिटर डिझेल बसत असेल, तर त्या दोन वाढींनी एका टाकीवर ६४० रुपयांचा कर चढला.

साखर कारखान्यांचे उदाहरण दिल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुरा होत नाही, कारण भार कोणावर येतो हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. सहकारी कारखान्याने केंद्राने ठरवलेल्या किमतीपेक्षा जास्त दर उसाला दिला की प्राप्तिकर खाते तो जादा दर ‘नफ्याची वाटणी’ मानून खर्चातून काढून टाकत असे आणि त्यावर कर मागत असे. समजा टनाला २०० रुपये जादा दिले. मूळ ३० टक्क्यांनी टनामागे ६० रुपये कर. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या नावावर ६ हजार रुपये. कारखान्याचा मालक आणि पुरवठादार एकच, शेतकरी. त्यामुळे ही मागणी भागवायला पुढच्या हंगामाचा दर कापा, नाहीतर कर्ज काढून त्याचे व्याज पुढच्या दरातून कापा, तिसरा मार्गच नव्हता. वर्षानुवर्षे ही प्रकरणे न्यायाधिकरणांत पडून होती. करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून सरकारने ठरवलेल्या वा मान्य केलेल्या किमतीपर्यंतची रक्कम खर्च म्हणून मिळू लागली, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याआधीच्या वर्षांनाही ती सोय दिली. सुमारे १० हजार कोटींचा दिलासा असे अर्थमंत्री भाषणात म्हणाल्या. खाजगी कंपनीत भागधारक, कामगार आणि पुरवठादार वेगवेगळे असल्याने हीच वाटणी झाकली जाते, एवढाच फरक.

ही झाकलेली वाटणी कोणालाही तपासता येते. ज्या कंपनीविषयी कुतूहल आहे तिचे २०१८-१९ आणि २०२२-२३ चे वार्षिक अहवाल उतरवून घ्या. एकत्रित ताळेबंदात परदेशी उपकंपन्या मिसळलेल्या असतात, म्हणून स्वतंत्र ताळेबंद पाहा. करपूर्व नफ्याला एकूण करखर्चाने नव्हे तर ‘चालू करा’ने, म्हणजे त्याच वर्षी देय असलेल्या कराने तपासा. २०१९-२० चे वर्ष तुलनेला मुळीच घेऊ नका. दर बदलल्याने त्या वर्षी पूर्वीच्या स्थगित कराचे, म्हणजे हिशेबात नोंदलेल्या पण पुढच्या वर्षांत देय वा वसूल होणाऱ्या कराचे, नव्याने मूल्यांकन झाले. ज्यांचे स्थगित कराचे देणे होते त्यांना एकदाच मोठा फायदा दिसला, ज्यांचे येणे होते त्यांना एकदाच मोठा तोटा, आणि नवा दर निवडताना किमान पर्यायी कराची साठलेली जमाही सोडून द्यावी लागली. हे न कळल्याने त्या वर्षाच्या आकड्यांवरून अनेकांचे निष्कर्ष चुकतात. पुढे करविषयक टीपेत लेखी नफा ते प्रत्यक्ष कर असा ताळमेळ दिलेला असतो. कोणती सवलत कंपनी आधीच घेत होती हे तिथे कळते. ज्या कंपनीचा प्रभावी दर आधीच २७-२८ टक्के होता तिची बचत जवळजवळ दहा टक्के नसून दोन-तीन टक्केच आहे.

मग चार रकमा काढा. कर्मचारी खर्च, दिलेला लाभांश आणि बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणे), निव्वळ कर्जातला बदल, आणि रोख प्रवाह पत्रकातली यंत्रे-इमारतींवरची खरेदी. प्रत्येकीला विक्रीने न भागता मूल्यवर्धनाने भागा, म्हणजे विक्रीतून माल, वीज, बाहेरच्या सेवा वजा केलेल्या रकमेने. कच्च्या मालाचे भाव चढले की विक्रीशी काढलेले प्रमाण फसवते. इथे अडचण एकच, पण मोठी. कंत्राटी कामगारांवरचा खर्च कर्मचारी खर्चात नसतो. तो ‘इतर खर्च’ या शीर्षकाखाली जॉबवर्क, मनुष्यबळ पुरवठा, कंत्राटी सेवा अशा तीन-चार नावांनी विखुरलेला असतो. शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम आणि कायम नसलेल्या कामगारांची संख्या मिळते. कंपनी कायद्याच्या १९७व्या कलमानुसार नोंदणीकृत कंपनीने प्रत्येक संचालकाचे वेतन मध्यम कर्मचाऱ्याच्या (पगाराच्या क्रमात बरोबर मधोमध असलेल्याच्या) वेतनाच्या किती पट आहे तेही छापायचे असते. ते दोन वर्षांचे शेजारी ठेवा. कंत्राटी खर्चाची एक स्वतंत्र ओळ मात्र कुठेच नसते.

दर पुन्हा ३५ टक्क्यांवर न्यावा असे माझे म्हणणे नाही. वर दिलेल्या १२ टक्क्यांच्या गणितातला धोका खरा आहे. सवलत दराला बांधण्याऐवजी पगारपत्रकाला बांधावी, असे म्हणणे आहे. त्यासाठी ८०जेजेएए हे कलम आधीच आहे आणि २२ टक्क्यांचा दर निवडणाऱ्यालाही ते मिळते. नव्या कामगाराच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम तीन वर्षे उत्पन्नातून जादा वजा होते. २० हजार पगाराच्या कामगारामागे वर्षाला ७२ हजार वजावट, २५.१६८ टक्क्यांनी १८,१२१ रुपये कर वाचतो. तीन वर्षांत ५४ हजारांवर. अटी अशा की पगार २५ हजारांपर्यंत, वर्षात २४० दिवस काम, भविष्यनिर्वाह निधीत नाव, पगार बँकेतून, एकूण कामगारसंख्या वाढलेली आणि सनदी लेखापालाचा दाखला वेळेत. दाखल्याची तारीख चुकली की दावा जातो.  २५ हजारांची मर्यादा २०१६ मध्ये ठरली. आज पुणे पट्ट्यात कुशल ऑपरेटर त्या मर्यादेबाहेर पडतो, म्हणून ज्याला कायम करावे अशा कामगारासाठीच सवलत मिळत नाही. ही मर्यादा दरवर्षी महागाईशी जोडावी, आणि भागीदारी संस्थांचा दर किमान २५ टक्क्यांपर्यंत आणावा.

आणि पुढच्या वेळी कर कमी-जास्त करण्याआधी सरकारकडे स्वतःचा पुरावा असावा. अर्थसंकल्पासोबत करसवलतींच्या परिणामाचे परिशिष्ट दरवर्षी छापले जाते. त्यात नफ्याच्या आकारानुसार कंपन्यांचे प्रभावी दर असतात. त्याच तक्त्यात त्या गटातल्या कंपन्यांचा कायम कामगारांवरचा आणि कंत्राटी कामगारांवरचा खर्च असे दोन रकाने वाढवावेत. पहिल्याची माहिती कंपनीच्या विवरणपत्रात आणि भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक चलनात आधीच आहे. दुसऱ्यासाठी कंत्राटदाराच्या चलनाला मुख्य मालकाचा पॅन जोडणे सक्तीचे करावे लागेल. त्या चलनात कामगारनिहाय पगार महिन्याच्या महिन्याला भरला जातोच. जोडायचा आहे तो दहा अक्षरांचा एक रकाना.

आपला,
एक करसल्लागार वाचक,
पिंपरी-चिंचवड